फोन मराठीत करताना: भाषा, प्रदेश, आकडे आणि कीबोर्ड

सेटिंग्जमध्ये ‘भाषा’ नावाचा एकच खटका असतो आणि तो दाबला की सगळा फोन मराठी होतो, असं बहुतेक नवख्यांना वाटतं. प्रत्यक्षात मेनू मराठी होतो, पण कीबोर्ड इंग्रजीच राहतो. घड्याळातले आकडे देवनागरीत येतात, पण एखादं रोजचं ॲप इंग्रजीतच उघडतं. मग काहीतरी चुकलं असं समजून माणूस सगळं पुन्हा इंग्रजीवर नेतो. खरं तर चुकलेलं काहीच नसतं, काम अर्धं झालेलं असतं.

फोनच्या पोटात या गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. मेनू आणि ॲप कोणत्या भाषेत दिसायचे, ही एक. तारीख, वेळ, रक्कम, तापमान कोणत्या पद्धतीनं लिहायचं ही दुसरी, तिला प्रदेश म्हणतात. आकडे कोणत्या लिपीत दाखवायचे ही तिसरी. टायपिंग कोणत्या भाषेत करायचं ही चौथी, आणि तिचा पहिल्या तिन्हींशी जवळजवळ काहीही संबंध नाही. मेनू इंग्रजी ठेवून अस्सल मराठी टाइप करता येतं, आणि उलटही. या चार गोष्टी मनात वेगळ्या ठेवल्या की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी परतीची वाट

भाषा बदलल्यानं फोटो, संपर्क, निरोप यांतलं काहीही पुसलं जात नाही. खरी भीती वेगळी असते: ओळखीचे शब्द एकदम नाहीसे होतात आणि परत जायचं कुठून ते कळत नाही. त्यामुळे बदल करण्याआधी भाषेच्या पानापर्यंत एकदा चालत जा आणि प्रत्येक टप्प्यावरचं चिन्ह बघून ठेवा. सेटिंग्जचं दातेरी चाक कोणत्याही भाषेत तेच राहतं. यादीतला कितवा पर्याय निवडला तेही लक्षात ठेवा. शब्द बदलले तरी क्रम सहसा बदलत नाही. शिवाय भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्या स्वतःच्या लिपीत लिहिलेलं असतं. कुणी चुकून फोन कोरियन केला, तरी त्या पानावर पोचल्यावर ‘मराठी’ हे मराठीतच दिसेल.

अँड्रॉइडवर

सेटिंग्ज उघडा, ‘सिस्टीम’मध्ये जा, तिथे ‘लँग्वेजेस’ किंवा ‘लँग्वेजेस अँड इनपुट’ असेल. सॅमसंगच्या फोनवर हेच ‘जनरल मॅनेजमेंट’मध्ये असतं, शाओमीच्या फोनवर ‘ॲडिशनल सेटिंग्ज’मध्ये. प्रत्येक कंपनी या पानाची जागा थोडी इकडेतिकडे करते, म्हणून सगळ्यांत भरवशाचा उपाय म्हणजे सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘लँग्वेज’ टाइप करणं.

‘ॲड अ लँग्वेज’ दाबा आणि यादीतून मराठी निवडा. मराठी आता यादीत आली, पण इंग्रजीच्या खाली. तिच्या नावाशेजारच्या आडव्या रेघांवर बोट धरून तिला पहिल्या क्रमांकावर ओढा. काही फोन बदल करण्याआधी एकदा विचारतात. होकार दिला की मेनू लगेच मराठीत येतात, फोन बंद-चालू करावा लागत नाही.

इंग्रजी यादीतून काढून टाकू नका. ती दुसऱ्या क्रमांकावर असणं फार उपयोगाचं आहे. का, ते पुढे येईलच.

आयफोनवर

सेटिंग्ज, मग ‘जनरल’, मग ‘लँग्वेज अँड रीजन’. ‘ॲड लँग्वेज’ दाबल्यावर येणारी यादी नीट बघा, कारण तिचे दोन भाग असतात. वरच्या भागातल्या भाषांमध्ये आयफोनचे स्वतःचे मेनू दिसू शकतात. खालच्या भागातल्या भाषांमध्ये मेनू येत नाहीत, पण त्या निवडल्या तर त्या भाषा येणारी ॲप आणि संकेतस्थळं त्यांचा मान राखतात. तुमच्या आवृत्तीत मराठी कोणत्याही भागात असो, ती जोडाच.

भाषा निवडली की मुख्य भाषा कोणती ठेवायची हे फोन विचारतो. ती बदलली तर पडदा काही क्षण काळा होतो. घाबरायचं कारण नाही, फोन मेनू नव्यानं मांडत असतो. याच पानावर खाली ‘रीजन’ आहे आणि सगळ्यांत शेवटी तारीख, वेळ आणि रकमेचा एक नमुना दिलेला असतो. प्रदेश बदलताना तो नमुना बघत राहा. कोणत्या निवडीनं काय बदलतं ते तिथल्या तिथे कळतं.

यादीचा क्रम

हा भाग बहुतेक जण वाचतही नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा हाच आहे.

अँड्रॉइडवर २०१६ साली आलेल्या सातव्या आवृत्तीच्या आधी फोनला एकच भाषा सांगता यायची. ॲपमध्ये ती नसली तर ते स्वतःच्या मूळ भाषेत, म्हणजे बहुधा इंग्रजीत उघडायचं. त्या आवृत्तीपासून भाषांची यादी आली. ॲप उघडताना यादीतली पहिली भाषा त्यात आहे का हे बघितलं जातं, नसेल तर दुसरी, नसेल तर तिसरी.

यातून एक गोष्ट निघते. समजा यादी मराठी, हिंदी, इंग्रजी अशी आहे. एखाद्या ॲपमध्ये मराठी नाही पण हिंदी आहे, तर ते हिंदीत उघडेल. ‘मी मराठी निवडली होती, हिंदी कुठून आली?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या क्रमात असतं. मराठी नसेल तिथे इंग्रजी हवी असेल, तर इंग्रजीला दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. हिंदी, कानडी, गुजराती वाचायला आवडत असेल तर तीही यादीत ठेवा, पण जिथे हवी तिथेच.

अनेक ॲपमध्ये मराठी नाही हे माहीत असूनही मराठी पहिल्या क्रमांकावर ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. ज्या ॲपमध्ये मराठी नाही ते इंग्रजीत उघडतील, म्हणजे तुमचं काही जात नाही. उद्या त्यांनी मराठी आणली, तर तुम्ही काही न करता ती तुमच्यासमोर येईल. शिवाय ॲप बनवणाऱ्यांना त्यांची ॲप वापरणाऱ्यांच्या फोनची भाषा कोणती, याची आकडेवारी मिळते. गूगल प्लेवर ॲप ठेवणाऱ्यांना तर ती भाषेनुसार विभागून दिसते. मराठी बोलणाऱ्या लाखो लोकांचे फोन ‘इंग्रजी (अमेरिका)’वर असतील, तर त्या आकडेवारीत ते अमेरिकी इंग्रजीचे वाचक म्हणूनच मोजले जातात. मराठीत ॲप का नाही, असं विचारण्याआधी आपण मराठी मागितली होती का हे बघायला हवं, आणि मागायची जागा ही यादी आहे.

प्रदेश: तारीख, वेळ, रक्कम

भाषा आणि प्रदेश मिळून जी जोडी होते तिला सॉफ्टवेअरवाले ‘लोकेल’ म्हणतात. आयफोनवर प्रदेश वेगळा निवडता येतो. अँड्रॉइडवर तो भाषेच्या नावालाच चिकटून येतो, म्हणून तिथे ‘इंग्रजी (भारत)’, ‘इंग्रजी (अमेरिका)’, ‘इंग्रजी (ऑस्ट्रेलिया)’ अशी लांबलचक यादी दिसते. शब्द जवळजवळ तेच, पण कंसातला देश बरंच काही ठरवतो.

अमेरिकेचा प्रदेश असेल तर महिना आधी आणि दिवस नंतर. ०३/०४ ही तारीख तिथे ४ मार्च, भारतात ३ एप्रिल. तिकिटं, औषधांची मुदत, बिलाची शेवटची तारीख यांत हा घोळ महागात पडू शकतो. भारताचा प्रदेश असेल तर मोठी संख्या १२,३४,५६७ अशी लाखांच्या हिशेबानं तोडली जाते. अमेरिकेच्या पद्धतीत तीच १,२३४,५६७ होते. जर्मनीत स्वल्पविराम आणि टिंब यांची अदलाबदल असते, हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम. कॅलेंडरमधला आठवडा फ्रान्समध्ये सोमवारी, भारतात रविवारी आणि इजिप्तमध्ये शनिवारी सुरू होतो. अमेरिकेचा प्रदेश असेल तर तापमान फॅरनहाइटमध्ये येतं.

हे नियम प्रत्येक फोन कंपनी स्वतः बसवत नाही. जगातल्या लिपींच्या प्रत्येक अक्षराला संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. ती सांभाळणारी संस्था, युनिकोड कन्सॉर्शियम, ‘सीएलडीआर’ नावाचा एक सामायिक साठा चालवते. कोणत्या भाषेत महिन्यांची नावं काय, तारीख कशी लिहायची, संख्या कुठे तोडायची, हे सगळं त्यात नोंदलेलं असतं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही त्यावरच चालतात, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवरही मराठी तारीख साधारण सारखीच दिसते.

मेनू इंग्रजीच ठेवायचे असतील त्यांनीही एवढं तरी करा: ‘इंग्रजी (अमेरिका)’ काढून ‘इंग्रजी (भारत)’ ठेवा. मिनिटभराचं काम आहे.

पद्धत एक हवी आणि त्यातली एखादीच गोष्ट वेगळी हवी असेल, तर तीही सोय आहे. २०२३च्या अँड्रॉइड १४ पासून ‘रीजनल प्रेफरन्सेस’ हे पान आलं. तापमान आणि आठवड्याचा पहिला दिवस तिथे वेगळा ठरवता येतो. आयफोनवर ‘लँग्वेज अँड रीजन’मध्येच कॅलेंडर, तापमान, मोजमाप, आठवड्याचा पहिला दिवस असे पर्याय आहेत. चोवीस तासांचं घड्याळ मात्र दोन्हीकडे तारीख-वेळेच्या पानावर असतं. तिथे अँड्रॉइडवर ‘यूज लोकेल डिफॉल्ट’ असा खटका दिसतो. तो बंद केला की बारा की चोवीस हे तुम्ही ठरवता.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. प्रदेश बदलल्यानं ॲप स्टोअर किंवा प्ले स्टोअरचा देश बदलत नाही. तो खात्याशी जोडलेला असतो. टाइम झोनही बदलत नाही. रुपये डॉलरमध्ये रूपांतरितही होत नाहीत. बदलते ती फक्त लिहिण्याची पद्धत.

आकडे

मराठी निवडल्यावर घड्याळात देवनागरी आकडे दिसले की काहींना आनंद होतो आणि काहींची अडचण होते. सीएलडीआरमध्ये मराठीचे मूळ आकडे देवनागरी धरलेले आहेत. हिंदीसाठी मात्र, लिपी तीच असूनही, इंग्रजी आकडे धरलेले आहेत. म्हणून शेजारच्याचा हिंदी फोन इंग्रजी आकडे दाखवतो आणि तुमचा मराठी फोन देवनागरी. अरबीत तर देशागणिक फरक आहे: इजिप्तच्या अरबीत अरबी लिपीतले आकडे येतात, मोरोक्कोच्या अरबीत इंग्रजीत वापरतात तेच.

देवनागरी आकडे वाचायला मला फार आवडतात, पण नवख्यानं एक गोष्ट जाणून घ्यायला हवी. संगणकाच्या दृष्टीनं देवनागरी चार आणि इंग्रजी चार ही दोन वेगळी अक्षरं आहेत. ॲप लिहिणाऱ्यानं काळजी घेतली नसेल, तर फोनची भाषा मराठी झाल्याबरोबर ॲप आतल्या आत देवनागरी आकडे तयार करून सर्व्हरला, म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकाला, पाठवतं, आणि सर्व्हरला ते कळत नाहीत. मग रक्कम भरली जात नाही, तारीख चुकीची ठरते किंवा ॲप बंदच पडतं. हा दोष ॲपचा असतो, मराठीचा नाही आणि तुमचाही नाही. तुर्की भाषेतही असाच जुना घोटाळा आहे: तिथे ठिपक्याचा ‘आय’ आणि बिनठिपक्याचा ‘आय’ ही वेगळी अक्षरं असल्यामुळे लहान-मोठी (स्मॉल-कॅपिटल) अक्षरं बदलताना कितीतरी सॉफ्टवेअर अडखळली आहेत.

अशा वेळी पूर्ण फोन इंग्रजी करू नका. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत ‘रीजनल प्रेफरन्सेस’च्याच पानावर आकड्यांचा पर्याय असतो. मराठी भाषा तशीच ठेवून तिथे इंग्रजी आकडे निवडता येतात. आयफोनवर तो ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये शोधा. एकच ॲप त्रास देत असेल, तर त्याहून नेमका उपाय पुढे आहे.

एकेका ॲपची वेगळी भाषा

फोन मराठीत आणि एखादं ॲप इंग्रजीत, किंवा फोन इंग्रजीत आणि बातम्यांचं ॲप मराठीत, असं ठेवता येतं. आयफोनवर ही सोय २०१९ साली आयओएस १३ मध्ये (आयओएस म्हणजे आयफोनची प्रणाली) आली आणि अँड्रॉइडवर २०२२ साली तेराव्या आवृत्तीत.

अँड्रॉइडवर भाषांच्या पानावरच ‘ॲप लँग्वेजेस’ आहे. तिथे ॲप निवडा आणि भाषा ठरवा. सगळी ॲप त्या यादीत दिसत नाहीत. ज्यांनी आपल्या भाषा फोनला कळवल्या आहेत तेवढीच दिसतात. ॲप त्यात नसेल तर त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये भाषेचा पर्याय आहे का ते बघा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या नावावर जा, म्हणजे नव्या आवृत्त्यांत ‘ॲप्स’ या भागात, आणि ‘लँग्वेज’ निवडा. तो पर्याय दिसतच नसेल, तर तुमच्या यादीत एकच भाषा असण्याची शक्यता मोठी. दुसरी भाषा जोडली की तो उगवतो.

कीबोर्ड

अँड्रॉइडवरच्या जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, सेटिंग्जच्या ‘लँग्वेजेस’मध्ये जाऊन ‘ॲड कीबोर्ड’ दाबा आणि मराठी निवडा. मग प्रकार विचारला जातो. एकात मराठी अक्षरं थेट दिसतात. दुसऱ्यात इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा आणि मराठी शब्द उमटतो. तिसऱ्यात बोटानं पडद्यावर लिहायचं. आयफोनवर ‘जनरल’, ‘कीबोर्ड’, ‘कीबोर्ड्स’, ‘ॲड न्यू कीबोर्ड’ असं जायचं.

उच्चारावरून लिहिणं पहिल्या दिवसापासून जमतं, म्हणून सगळे तिकडेच वळतात. सुरुवातीला तेच वापरा, हरकत नाही. पण रोज बरंच लिहायचं असेल तर थेट अक्षरांचा कीबोर्ड शिका. उच्चाराच्या पद्धतीत यंत्र शब्द ओळखतं, त्यामुळे नेहमीच्या वापरातले शब्द पटापट येतात, पण बोलीतला, जुना किंवा एखाद्या आडनावातला शब्द आला की ते आपल्याला माहीत असलेला दुसराच शब्द पुढे करतं. थेट कीबोर्डवर जे लिहायचं तेच लिहिलं जातं.

हिंदी कीबोर्डवर मराठी लिहिण्याचा मोह टाळा. देवनागरी तीच असली तरी मराठीला लागणारा ‘ऱ’ आणि ‘ॲ’ मराठी कीबोर्डवर हमखास हाताशी असतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक त्या ‘ऱ’वर उभा आहे. तो कुठे दिसला नाही तर ‘र’ दाबून धरून बघा. ‘ॲ’ची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडून किंवा ‘ऍ’ वापरून भागवत, आणि अजूनही काही कीबोर्ड तसंच करतात. डोळ्यांना साधारण सारखं दिसलं तरी फोनला ही वेगवेगळी अक्षरं वाटतात. संपर्कांमध्ये ‘ॲड’नं सुरू होणारं नाव शोधूनही सापडत नसेल, तर साठवताना ते दुसऱ्या पद्धतीनं लिहिलं गेलेलं असू शकतं.

इंग्रजी कीबोर्डही ठेवा. पासवर्ड, ईमेल, संकेतस्थळाचे पत्ते त्यावरच लिहावे लागतात. दोन कीबोर्डांमध्ये जायला पृथ्वीगोलाचं बटण असतं. जीबोर्डवर स्पेसबार दाबून धरला तरी यादी येते. आणि साधा एसएमएस मराठीत पाठवताना हे लक्षात असू द्या: इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तर ७०च. त्यात मात्रा, वेलांट्या, अनुस्वार वेगळे मोजले जातात. मोठा मजकूर म्हणूनच दोन-तीन एसएमएसमध्ये मोजला जातो.

अजून काही जागा

ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला तुमच्या भाषांचा क्रम सांगतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये भाषांची वेगळी यादी असते, तिथेही मराठी वर आहे ना ते बघा. फोननं मजकूर मोठ्यानं वाचून दाखवावा असं हवं असेल, तर वाचनाच्या आवाजाची भाषा वेगळी निवडावी लागते आणि बहुधा आवाज उतरवूनही घ्यावा लागतो. बोलून टाइप करण्याची भाषाही कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये वेगळी असते.

‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात अशी तक्रार अनेक मराठी वाचक करतात. दोन्ही वळणांना युनिकोडमध्ये अक्षर एकच आहे. कोणतं रूप काढायचं हे फॉन्ट ठरवतो, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तर चांगले फॉन्ट मराठी वळण काढतात. म्हणजे फोनची भाषा मराठी ठेवल्याचा परिणाम थेट अक्षराच्या आकारापर्यंत पोचू शकतो. मात्र ॲपनं किंवा संकेतस्थळानं स्वतःचा फॉन्ट लादला असेल, तर इलाज नाही.

मराठी मजकूर बटणात मावत नसेल किंवा वरच्या वेलांट्या कापल्या जात असतील, तर अक्षरांचा आकार एक पायरी कमी करून बघा. फोनला नक्षीदार फॉन्ट लावला असेल तर तो आधी काढा. अशा पुष्कळ फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच किंवा जोडाक्षरं मोडतात. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर ती अक्षरं असलेला फॉन्ट फोनमध्ये नाही असं समजा. जुन्या फोनवर नवी अक्षरं अशी दिसतात आणि सिस्टीम अपडेट हाच उपाय असतो.

एखादी जुनी फाइल उघडल्यावर चौकोनांऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल, तर भाषेच्या सेटिंगमध्ये शोधत बसू नका. ती फाइल युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, उदाहरणार्थ कृतीदेवमध्ये, टाइप केलेली आहे. त्यात साठवलेली अक्षरं खरोखरच इंग्रजी असतात, तो फॉन्ट फक्त त्यांना मराठी चेहरा द्यायचा. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत. मूळ फॉन्टचं नाव कळलं की त्याच नावाचं रूपांतर निवडा, आणि आलेला मजकूर रफार आणि जोडाक्षरं तपासत एकदा डोळ्यांखालून घाला, कारण चुका बहुधा तिथेच राहतात.